उकडे तांदूळ आणि रिकामी टाकी : आगमनकाळातलं एक प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका फिर्गजेतलं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं आहे. काळ २०२४ च्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा. ज्या कुटुंबाबद्दल लिहिते आहे त्यातल्या आईला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही. मी मूळची सावंतवाडीकडची, लग्न होऊन गोव्यात आले, मराठी शाळेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर फिर्गजेच्या समाजसेवा गटात काम करते. यातल्या चुकांपैकी दोन माझ्या स्वतःच्या आहेत, त्या त्या जागी सांगेन.

पार्श्वभूमी

आमच्या गावात दोन प्रकारची घरं आहेत. एक जुनी, दारापुढे बाल्कांव, म्हणजे बसायचा ओटा असलेली. त्यातली निम्मी वर्षभर बंद असतात, कारण माणसं आखातात, बोटीवर नाहीतर लंडनला. दुसऱ्या म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या भाड्याच्या खोल्या. तिथे नगर, बेळगाव, झारखंड अशा ठिकाणांहून आलेले लोक राहतात. त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबंही बरीच आहेत. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती येतात, मागच्या दाराशी उभी राहतात आणि शेवटच्या गीताआधी निघतात. फिर्गजेच्या नोंदवहीत त्यांची नावं नाहीत. वाड्यावाड्यांवरच्या लहान समुदायांच्या याद्या घरमालकांच्या नावाने चालतात, त्यामुळे भाडेकरू तिथेही येत नाही.

गटाचं वर्षातलं मोठं काम म्हणजे नाताळची पिशवी. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला गरिबांचा जागतिक दिवस २०१७ पासून नोव्हेंबरात पाळला जातो. २०२४ मध्ये तो १७ नोव्हेंबरला आला. त्या दिवशी आम्ही खास वर्गणी काढतो आणि आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी मिस्सेनंतर स्टेजवरून नाव पुकारून पिशव्या देतो. त्या वर्षी एका पिशवीला साधारण १,४०० रुपये खर्च येणार होता आणि यादीत ३१ कुटुंबं होती. ही यादी दहा-बारा वर्षांपूर्वीची. कोणी वारलं तर त्याच्या जागी मुलाचं नाव आपोआप चढतं. एका म्हातारीचा मुलगा आता बोटीवर बरा कमावतो, तरी पिशवी जातेच. तिला ‘आता नको’ म्हणायचं कुणी, हा प्रश्न आम्ही दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतो.

त्यात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत होतं. दहा वर्षांतून एकदा येणारा सोहळा. आमच्या गटातल्या अर्ध्या लोकांना तिथे स्वयंसेवकांची पाळी लागलेली, त्यामुळे बैठका उभ्या उभ्या उरकत होत्या.

आता ते कुटुंब. मूळ श्रीरामपूरच्या बाजूचं, तीन पिढ्यांचं कॅथलिक. खोलीत भिंतीवर हरेगावच्या मतमाउलीचं, म्हणजे मारिया मातेचं चित्र. गोव्यात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. नवरा सेंटरिंगच्या कामावर. सप्टेंबरात तो परांचीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, शस्त्रक्रिया झाली. ठेकेदाराने सुरुवातीला थोडे पैसे दिले, मग फोन उचलणं बंद केलं. बायको तीन घरी धुणीभांडी करायची. त्यातल्या एका फ्लॅटचे मालक ऑक्टोबरात मुलीकडे परदेशी गेले आणि परत येईपर्यंत ते काम बंद झालं. मुलगी चौथीत आणि मुलगा सातवीत. मुलगा वेदीवर सेवा करायचा, म्हणजे मिस्सेत फादरच्या हाताखाली मदत. तो कोंकणी इतकी छान बोलायचा की त्याच्या घरी मराठी बोलतात हे आमच्यातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं.

दुसरा रविवार

८ डिसेंबर. मिस्सा लांबली होती. मेणबत्ती धरून उभा असलेला हा मुलगा अर्पणविधीच्या वेळी गुडघ्यात वाकला आणि खाली बसला. त्याला सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत नेलं, साखरपाणी दिलं. तिथल्या एका आजीने कौतुकाने म्हटलं, “उपास धरलान आसतलो पोरान, आगमनकाळ न्हय?” पोराने उपास धरला असेल, आगमनकाळ ना?

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं नाही एवढाच आता चर्चचा नियम आहे. काही जुनी माणसं आगमनकाळात मांस किंवा फेणी सोडतात, ती त्यांची खुशी. बारा वर्षांच्या मुलाला कुणी उपास सांगितलेला नव्हता. मी विचारलं, काय खाल्लंस? तो म्हणाला, “शुक्रवारी शाळेत पावभाजी होती.” मग? “मग चहा-पाव.”

आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत मधल्या सुटीचा आहार मिळतो, आणि या घराचं गणित त्या आहारावर चाललं होतं. शनिवार-रविवार ते कोसळायचं. आम्ही मुलाला भेटायचो रविवारी. म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात उपाशी दिवशी तो पांढरा झगा घालून आमच्यासमोर उभा असायचा.

पहिला निर्णय कुणालाही सुचेल असा होता : चौथ्या रविवारची वाट न बघता पिशवी लगेच द्यायची. सोमवारी ९ तारखेला गटातल्या दोघी गाडीने गेल्या. दहा किलो उकडे तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, चहा, रवा, दोन नारळ. मुलाची आई दारात आली. या दोघी तिच्याशी हिंदीत बोलल्या. तिने हात जोडले, पाच-सात मिनिटांत भेट संपली. वहीत ‘मदत पोचवली’ अशी नोंद झाली.

गाडी मी चालवत होते. गल्लीत लावायला जागा नव्हती, म्हणून मी खाली उतरले नाही. तिघींपैकी जिची मातृभाषा मराठी, ती गाडीत बसून राहिली. ही माझी पहिली चूक.

तांदूळ विकले

गुरुवारी एका दुकानदाराने आमच्या खजिनदारांना सांगितलं की तुम्ही दिलेले उकडे तांदूळ ती बाई माझ्याकडे विकून गेली. रात्री गटाच्या व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेशांची रांग लागली. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या दारूला गेले असतील. कुणी म्हणालं, हे लोक असेच. ‘हे लोक’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना न सांगता कळलं. एकीने मात्र लिहिलं की आपण दिल्यावर ते तिचे झाले, तिने काहीही करावं. त्यावर कुणीच उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी १३ तारखेला संध्याकाळी सहाला बैठक बोलावली.

बैठकीत आलेले पर्याय

पहिलं मत नाव काढून टाकावं असं होतं. खजिनदारांचं म्हणणं अगदीच निष्ठुर नव्हतं. लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे आहेत, वर्गणीदारांनी विचारलं तर मी काय सांगू, असं ते म्हणाले. पैसे सांभाळणाऱ्याला असं वाटतंच, आणि वाटायलाही हवं.

दुसरं मत कूपनचं. दुकान आम्ही ठरवायचं, वस्तू आम्ही ठरवायच्या, तिने फक्त उचलायच्या. म्हणजे विकता येणार नाही. मला तेव्हा हे पटलं होतं. आज वाटतं की हा पर्याय तिच्या अडचणीसाठी नव्हता, आमच्या रागासाठी होता.

तिसरं, रोज शिजवलेला डबा. सगळ्यांनी मान हलवली आणि मग करणार कोण यावर गाडी अडली. डिसेंबरचा दुसरा आठवडा, घरोघरी नाताळचा दोदोल ढवळणं चाललेलं, नेवऱ्यांचं सारण परातीत पडलेलं. आठवड्यातले दोन दिवस मिळाले, पाच मिळाले नाहीत.

चौथं, रोख रक्कम. हे दोघांनी सुचवलं आणि बाकीच्यांनी ‘दारू’ या एका शब्दावर मोडीत काढलं. नवरा पितो की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

फादर इतका वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “तिच्याकडे कोण उलयलां?” तिच्याशी बोललंय कोण? कुणीच बोललं नव्हतं. मग त्यांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय आठवून दिला. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजचं अन्नवाटप चालायचं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही, वाटपासाठी सात माणसं निवडायला लावली. त्या सातांची नावं ग्रीक आहेत. “म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली,” फादर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मला थोडी लाज वाटली, थोडा रागही आला. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून येऊन गोव्यातल्या साष्टीत मराठी ओव्या रचून लोकांना ख्रिस्ताची कथा सांगत होते. आणि आमच्या गटाला एका मराठी बाईशी मराठीत बोलायचं सुचायला मूल खाली पडावं लागलं.

कोणताही निर्णय न घेता बैठक संपली. शनिवारी मी जायचं ठरलं.

शनिवारची भेट

मी चालत गेले. तिने ओळखलं. “त्या दिवशी गाडीत बसलेल्या बाई तुम्हीच ना?” असं विचारून खुर्ची पुसून दिली.

तांदळाचा विषय तिनेच काढला. “इकले मी तांदूळ. खोटं कशाला बोलू, बाई.” मग तिने मला गॅसची टाकी उचलून दाखवली. एका बोटावर उचलली जाईल इतकी हलकी. घरात शेगडी होती, पण गॅसची जोडणी त्यांच्या नावावर नव्हती. एका दुकानातून किलोच्या हिशेबाने टाकी भरून आणायची, तीही चोरून आणि चढ्या दराने. नोव्हेंबरच्या शेवटी टाकी संपली तेव्हा हातात पैसे नव्हते. मागच्या अंगणात तीन दगड मांडून लाकडं पेटवली, तर घरमालकाने भिंत काळी होते म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं.

आणि आम्ही तिला उकडे तांदूळ दिले होते. उकड्या तांदळाला शिजायला साध्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो हे गोव्यातल्या कोणत्याही घरात माहीत असतं. ती बाजरीच्या भाकरीवर वाढलेली बाई. तिच्याकडे भात शिजवायची ओढ नाही, पेज प्यायची सवय नाही आणि मुख्य म्हणजे खाली जाळ नाही. तांदूळ विकून आलेल्या पैशांतून तिने पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, उधारी चुकती केली, नवऱ्याच्या गोळ्या आणल्या, आणि उरलेले किलोभर गॅससाठी बाजूला ठेवले होते. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तूरडाळ अजून डब्यात होती. “डाळ नाही इकली. गॅस आल्यावर करीन म्हटलं.”

मग रेशनचा विषय निघाला. तिच्याकडे महाराष्ट्राचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड होतं, पाच माणसांचं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याप्रमाणे माणशी महिना पाच किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ असल्याने हे धान्य गोव्यातल्या स्वस्त धान्य दुकानातही अंगठा लावून मिळतं. मी उत्साहाने सांगायला लागले. तिने मध्येच थांबवलं.

तिला ते माहीत होतं. अडचण वेगळी होती. गावी सासू दिराकडे राहते. पंचवीस किलो धान्य सासू अंगठा लावून उचलते आणि ते दिराच्या घरात शिजतं. त्या बदल्यात दीर आईला सांभाळतो. हा बोलून न झालेला करार होता. तिने इथे धान्य उचललं तर तिकडे म्हातारीच्या ताटाचं काय, ही तिची भीती. “इथं चार तोंडं भरतील आणि तिकडं एक उपाशी राहील,” ती म्हणाली. आम्ही जिला हिशेब न कळणारी समजत होतो, ती दोन राज्यांतल्या दोन घरांचा हिशेब एकटी सांभाळत होती.

तिसरा रविवार

दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबरला, आगमनमाळेतली, म्हणजे चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांतली, गुलाबी मेणबत्ती पेटली. त्या वर्षीच्या वाचनात लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय होता. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, अन्न असेल त्यानेही तसंच करावं, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. आमची पिशवी त्यावरच उभी आहे.

पण तो प्रश्न तिथे तीन वेळा येतो. जकातदार विचारतात, त्यांना योहान सांगतो की ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना सांगतो की कुणाला लुबाडू नका, आपल्या पगारात राहा. म्हणजे तीनपैकी दोन उत्तरांत देण्याची गोष्टच नाही. दुसऱ्याचं ओढून घेऊ नका, एवढंच आहे.

मी बाकावर बसून हिशेब करत होते. तिचं काम बंद करून परदेशी गेलेले फ्लॅटचे मालक आमच्याच फिर्गजेतले. तिला तिथून महिन्याला ३,५०० रुपये मिळायचे. जाताना ‘परत आलो की सांगू’ म्हणून गेले, त्या महिन्यांचं काहीच दिलं नाही. आणि त्याच मालकांनी परदेशातून दोन पिशव्यांचे २,८०० रुपये गटाच्या खात्यात पाठवले होते. त्यांचं नाव आमच्या वहीत देणगीदारांच्या पानावर आहे.

काय केलं

सोमवारी गॅस. उज्ज्वला योजनेचा अर्ज करून पाहिला. २०२१ पासून स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं. पण सासूच्या नावावर गावी जोडणी होती आणि रेशन कार्ड एकच, तेव्हा तो रस्ता बंद झाला. पाच किलोची छोटी टाकी मात्र नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्ता लागत नाही. ती गटाच्या पैशातून घेतली. पहिली टाकी आणि त्यानंतरच्या दोन भरण्या मिळून दीड पिशवीच्या आसपास खर्च आला.

रेशन दुकानात आम्ही दोघी तीनदा गेलो. पहिल्या दिवशी तिचा अंगठाच जुळेना. भांडी घासून घासून बोटांवरच्या रेषा गेलेल्या. दुकानदार चांगला होता. त्याने हात कोमट पाण्यात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मशीनच बंद. तिसऱ्या दिवशी मधलं बोट जुळलं आणि मशीनने सांगितलं की या महिन्याचं धान्य उचललेलं आहे. डिसेंबरचा हप्ता सासूने आधीच नेला होता. आमच्या गटात ‘रेशनचा प्रश्न सुटला’ असा संदेश आदल्या रात्रीच जाऊन बसला होता, हे इथे नोंदवून ठेवते.

किती धान्य इथे उचलायचं हे तिने ठरवलं. कार्डावरचं धान्य थोडं इथे आणि थोडं गावी असं उचलता येतं. माझं म्हणणं होतं की चार माणसांचं वीस किलो इथे घ्यावं, हक्काचं आहे. तिने दिराला फोन केला, बराच वेळ बोलली, आणि जानेवारीपासून इथे दहा किलो, तिकडे पंधरा किलो असं ठरवलं. गटातल्या काहींना हे वेडेपण वाटलं. मलाही त्या दिवशी वाटलं होतं. पण घरातलं नातं टिकवायची किंमत किती, हे मी बाहेरून कसं ठरवणार?

डिसेंबर भागवायला एका दुकानात गटाच्या नावाने पैसे ठेवले, तिने हवं ते न्यायचं. बातमी पोचवणारं दुकान टाळलं. तिने पहिल्यांदा काय नेलं? बाजरीचं पीठ, शेंगदाणे, लसूण आणि मुलीसाठी एक वही. २४ तारखेपासून शाळेला नाताळची सुटी लागणार होती, म्हणजे शाळेतलं जेवणही बंद. आम्ही आनंदाचा म्हणून मोजतो तो आठवडा या मुलांना सगळ्यात अवघड जातो, हे मला निवृत्त होईपर्यंत शाळेत राहूनही सुचलं नव्हतं.

रविवारी मिस्सेनंतर सेवा करणाऱ्या सगळ्याच मुलांना नाश्ता सुरू केला. एकट्यालाच देऊन त्याला वेगळा पाडायचा नाही म्हणून. मुलं सोळा, खाणारी सोळाच्या सोळा. त्यातलं कोण भुकेलं आणि कोण नुसतंच खादाड, हे शोधायच्या फंदात आम्ही पडलो नाही.

माझी दुसरी चूक

१७ तारखेच्या बैठकीत तिची बाजू मांडताना मी सगळं सांगून टाकलं. रिकामी टाकी, पोदेराची उधारी, दीर, सासू, नवऱ्याचं दुखणं. लोकांचे चेहरे बदलले, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, मला बरं वाटलं. तीन दिवसांनी दुसऱ्या एका सेवक मुलाने तिच्या मुलाला विचारलं, “तुमगेर ग्यास ना मरे?” तुमच्या घरी गॅस नाही ना रे?

चौथ्या रविवारी तो आला नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेलाही वेदीवर नव्हता, आईबरोबर मागे उभा होता. आईने मला काही बोलून दाखवलं नाही. तांदूळ विकल्याचा कलंक पुसायला मी निघाले आणि तिची गरिबी सगळ्या गावात पोचवली. “मी चौकशी केली आहे, कारण योग्य आहे, नाव काढू नये,” एवढं तीन ओळींचं सांगणं पुरलं असतं.

परिणाम

२२ तारखेचं स्टेज रद्द झालं. सहा-सात जुनी कुटुंबं स्वतःहून सकाळी येऊन पिशव्या घेऊन गेली, बाकीच्या आम्ही घरी पोचवल्या. फोटो नाहीत म्हणून दोन देणगीदार रागावले. एकाने पुढच्या वर्षी देणार नाही असं सांगितलं आणि त्याने शब्द पाळला.

फ्लॅटच्या मालकांशी फादर बोलले. त्यांनी एका महिन्याचे पैसे पाठवले. मग मी गटात सुचवलं की आपापल्या घरी काम करणाऱ्या बायकांना आपण सुटीचे पैसे देतो का, हे प्रत्येकाने सांगावं. त्यावर खोकल्याखेरीज आवाज आला नाही. मी स्वतः देते, पण २०२४ च्या आधी देत नव्हते.

जानेवारीत दहा किलो धान्य मिळालं, फेब्रुवारीतही मिळालं. मार्चमध्ये बोट जुळेना म्हणून पुन्हा दोन फेऱ्या झाल्या. नवरा एप्रिलपासून काठी घेऊन चालू लागला आणि जूनपासून एका इमारतीवर रखवालदार म्हणून बसतो. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. तो पीत नाही, हेही सांगून टाकते, कारण बैठकीत तो शब्द चार वेळा उच्चारला गेला होता.

मुलगा ईस्टरनंतर वेदीवर परत आला.

भरपाईचं काम आम्हाला फेब्रुवारीत सुचलं, तेही फिर्गजेतल्या एका वकिलाने विचारलं म्हणून. कामावर अपघात झाला तर तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा करता येत होता. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी नव्हती, ठेकेदाराने हजेरीचा कागद दिलेला नव्हता. बरोबरच्या दोन कामगारांच्या जबान्या आणि गोमेकॉचे कागद जोडून दावा दाखल झाला. लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही.

यादीचं काम उन्हाळ्यात झालं. ३१ घरी जाऊन दोनच प्रश्न विचारले : दिवसातून किती वेळा चूल पेटते, आणि कुठल्या महिन्यात जास्त ओढ लागते? बारा घरांना पिशवीची गरज नव्हती. त्यातल्या बहुतेकांनी स्वतःच ‘आता दुसऱ्याला द्या’ म्हटलं. बोटीवर मुलगा असलेल्या म्हातारीने म्हटलं नाही, तिची पिशवी चालू आहे. खोल्यांमधली चौदा नवी कुटुंबं जोडली. आणि ओढीचा महिना म्हणून जवळजवळ सगळ्यांनी जुलै सांगितला. पावसात बांधकाम बंद, ट्रॉलरवाल्यांची मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले. डिसेंबरात गोव्यात निदान काम तरी असतं. आम्ही इतकी वर्षं वाटत होतो तो आमच्या सणाचा महिना होता.

लोक मात्र देतात नोव्हेंबर-डिसेंबरातच. त्यामुळे वर्गणी तेव्हाच काढायची आणि निम्मी जुलैसाठी राखून ठेवायची असं ठरलं. खजिनदारांनी आधी विरोध केला. आता जुलैचा हिशेब तेच सगळ्यांत काटेकोर ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

सोमवारी ९ तारखेला मी गाडीतून उतरायला हवं होतं. त्या एका गोष्टीने आठवडा वाचला असता, आणि व्हॉट्सअॅपवरचं ते सगळं झालंच नसतं.

पिशवी आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम मी आजही बदलणार नाही. मूल खाली पडल्यावर प्रश्नावली घेऊन जाता येत नाही. फक्त पिशवी कच्च्या धान्याची न देता त्या दिवशी शिजलेलं जेवण न्यायला हवं होतं. घरात शिरून जेवण वाढलं असतं तर शेगडीकडे नजर गेलीच असती.

नवरा का पडून आहे हे पहिल्या भेटीत कळलं होतं, तरी भरपाईचा विचार करायला दोन महिने लागले. आम्ही घरात भूक बघितली आणि तिला धान्याने उत्तर शोधत राहिलो. ती घरात शिरली कुठून, तर परांचीवरून आणि बंद झालेल्या फ्लॅटमधून. त्या दोन्ही दारांशी जायला आम्ही कचरलो, कारण एका दारामागे ठेकेदार होता आणि दुसऱ्यामागे आमच्यातलाच माणूस.

कूपन की रोख, या वादाचा निकाल आमच्याकडे अजून लागलेला नाही. दुकानात ठेवलेले पैसे हा मधला मार्ग या घरापुरता जमला. दुसऱ्या एका घरात जमला नाही, तिथे दुकानदारानेच भाव वाढवून लावले.

२०२५ चा आगमनकाळ ३० नोव्हेंबरला सुरू झाला. खोल्यांमधल्या कुटुंबांतलं कुणीतरी गटात हवं म्हणून फादरनी मुलाच्या आईला विचारलं. ती हो म्हणाली, पण एकाही बैठकीला आलेली नाही. बैठक संध्याकाळी सहाला असते आणि त्या वेळी ती तिसऱ्या घरची भांडी घासत असते. वेळ बदलायचा विषय मी दोनदा मांडला. आठ वाजता बहुतेकांची जेवणाची वेळ होते, म्हणून तो पुढच्या बैठकीवर गेला आहे.